कोहॉर्ट अभ्यास करताना पहिला प्रश्न: घड्याळ कधी सुरू झालं?

१९७२ ते १९७४ या काळात इंग्लंडमधल्या व्हिकम इथे एक आरोग्य पाहणी झाली. वीस वर्षांनी संशोधकांनी त्याच लोकांचा पुन्हा माग काढला. पाहणीच्या वेळी सिगारेट ओढणाऱ्या ५८२ स्त्रिया होत्या. त्यांपैकी १३९ तोवर वारल्या होत्या, म्हणजे २४ टक्के. कधीच सिगारेट न ओढलेल्या ७३२ जणींपैकी २३० वारल्या होत्या, म्हणजे ३१ टक्के. नोंदी चोख, बेरीज बरोबर. आणि निष्कर्ष? सिगारेट ओढा, जास्त जगा.

हे कोडं खाली हिशेब मांडून सोडवू. कोहॉर्ट अभ्यास, म्हणजे माणसांच्या एका गटाचा काळानुसार माग ठेवणारा अभ्यास. त्यातल्या बहुतेक चुका आकडेमोडीच्या नसतात. कोणाचं घड्याळ कुठून मोजायला घेतलं, तिथे त्या झालेल्या असतात. विद्यार्थ्याचा प्रबंध असो की रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरचा अभ्यास, मी आधी हेच तपासते. पुढच्या पायऱ्या स्वतः अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेत, पण दुसऱ्याचा पेपर वाचतानाही त्या तशाच लागू पडतात.

प्रश्न कोहॉर्टचा आहे का?

कोहॉर्ट म्हणजे मुळात रोमन सैन्यातली तुकडी. तुकडी एकत्र निघते आणि वाटेत कोण पडलं, कोण पोचलं याचा हिशेब राहतो. अभ्यासातही तेच: ज्यांना तो आजार अजून झालेला नाही अशी माणसं घ्यायची, त्यांच्यात कोणाला कशाचा संपर्क आहे (धूम्रपान, एखादं औषध, रात्रपाळी, कामावरची धूळ) ते नोंदवायचं आणि पुढे कोणाला काय होतं ते बघत राहायचं. केस-कंट्रोल अभ्यास उलटा चालतो, आजारी माणसापासून मागे.

संपर्क दुर्मीळ असेल, किंवा एकाच संपर्काचे अनेक परिणाम पाहायचे असतील, तर कोहॉर्ट उत्तम. आजारच दुर्मीळ असेल तर कोहॉर्टच्या वाटेला जाऊ नका. वर्षाला लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारासाठी दहा हजार माणसं दहा वर्षं सांभाळलीत तरी हाती एखादाच रुग्ण लागेल.

किती माणसं लागतील याचा अंदाज आधीच काढा. समजा, संपर्क नसलेल्यांत पाच वर्षांत २ टक्के लोकांना आजार होतो आणि संपर्क असलेल्यांत ३ टक्के होईल असं वाटतं. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ३,८०० माणसं हवीत. दोनशे-दोनशे घेऊन बसलात तर एका गटात चार आणि दुसऱ्यात सहा रुग्ण मिळतील, आणि त्यावरून कोणीच काही म्हणू शकणार नाही. माणसं किती यापेक्षा घटना किती घडल्या हा आकडा महत्त्वाचा. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून सुरू केलेल्या अभ्यासात ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टर होते. तरी १९५४ च्या पहिल्या अहवालात ७८९ मृत्यू आणि त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे फक्त ३६. दिशा त्यावरूनही दिसली, पण पूर्ण चित्र यायला पुढची दशकं जावी लागली.

आता पुढे जाणारा अभ्यास की जुन्या नोंदींवरचा, हा निर्णय. जुन्या नोंदी वापरल्या तर वेळ आणि पैसा वाचतो, पण तुम्हाला हवी ती माहिती तेव्हा कोणी लिहून ठेवलेली नसते. वजन असतं, उंची नसते. धूम्रपानाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असतं. ते ‘कधीच नाही’ की ‘विचारलंच नाही’ हे कळायला मार्ग नसतो.

शून्य दिवस ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक माणसासाठी एक तारीख ठरवायची, तिला शून्य दिवस म्हणू. त्या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या पाहिजेत: माणूस अभ्यासाला पात्र ठरला, तो कोणत्या गटात हे ठरलं आणि मोजणी सुरू झाली. या तिन्हींपैकी एक जरी पुढे-मागे सरकली, तरी अभ्यास वाकतो.

माझीच एक जुनी चूक सांगते. एका औषधाचा जगण्यावर परिणाम पाहायचा होता. मी गट पाडले ‘तीन वर्षं सलग औषध घेतलेले’ आणि ‘न घेतलेले’. मोजणी मात्र दोघांचीही निदानाच्या दिवसापासून धरली. निकाल बघून मीच हरखले. औषध म्हणजे जणू अमृत. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: “तीन वर्षं औषध घ्यायला माणूस तीन वर्षं जगायला नको का?” पहिल्या गटातलं कोणी त्या तीन वर्षांत मरणं माझ्या व्याख्येनुसार शक्यच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात गेलेला माणूस, त्याने औषध सुरू केलेलं असलं तरी, आपोआप दुसऱ्या गटात जात होता. याला अमर काळाचा दोष म्हणतात.

हा दोष नामांकित नियतकालिकांतही शिरतो. २००१ मध्ये एका अभ्यासाने म्हटलं की ऑस्कर जिंकलेले कलाकार इतरांपेक्षा सरासरी ३.९ वर्षं जास्त जगतात. बातमी जगभर फिरली. पण पुरस्कार मिळेपर्यंतची वर्षंही त्यात विजेत्यांच्या खात्यात मोजली होती, आणि तोवर तर त्यांना जिवंत राहणं भागच होतं. २००६ मध्ये घड्याळ नीट लावून पुन्हा हिशेब केला तेव्हा फरक वर्षभरावर आला, आणि तोही योगायोगापलीकडचा आहे असं म्हणता येईना.

दुरुस्ती अवघड नाही. औषध सुरू होण्याआधीचा काळ ‘न घेणाऱ्यां’च्या खात्यात टाका, नंतरचा ‘घेणाऱ्यां’च्या. एकच माणूस दोन्ही खात्यांत येतो आणि त्यात वावगं काही नाही. नाहीतर मोजणीच तीन वर्षांच्या टप्प्यावरून सुरू करा आणि त्या दिवशी जे हयात आहेत तेवढेच दोन्ही गटांत घ्या.

शून्य दिवसाचा आणखी एक नियम: त्या दिवशी तो आजार नसावा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरात ५,२०९ स्त्री-पुरुष घेऊन हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी तपासणी होई. नवीन हृदयविकार मोजायचा तर सुरुवातीलाच तो असलेले लोक त्या हिशेबातून बाजूला ठेवावे लागतात, नाहीतर जुना आजार नवा म्हणून मोजला जातो. ‘रिस्क फॅक्टर’ हा आज घरोघरी पोचलेला शब्द याच अभ्यासाच्या लिखाणातून रुळला.

कोण आले, कोण आले नाहीत

यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या कोहॉर्टने २००६ ते २०१० दरम्यान ४० ते ६९ वयाचे सुमारे ५ लाख लोक नोंदवले. आकडा प्रचंड, पण बोलावलेल्यांपैकी आले साधारण ५.५ टक्के, आणि आलेले लोक सर्वसाधारण जनतेपेक्षा निरोगी व सुस्थितीतले होते. म्हणून ‘देशात किती टक्के लोकांना अमुक आजार आहे’ याचं उत्तर अशा गटातून काढू नका. गटाच्या आतल्या तुलना, म्हणजे रक्तदाब जास्त असलेले विरुद्ध कमी असलेले, बऱ्याच अंशी टिकतात, पण तिथेही डोळे उघडे ठेवा.

कारखान्यातल्या कामगारांचे मृत्यू सर्व लोकसंख्येशी ताडून बघितले तर कामगार हमखास निरोगी दिसतात, कारण फार आजारी माणूस मुळात कामावरच नसतो. त्यांची तुलना दुसऱ्या कामगारांशीच करा.

मोजमाप आणि गळती

संपर्क आणि परिणाम दोन्हींची व्याख्या अभ्यास सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरवा. ‘धूम्रपान करतो’ पुरेसं नाही. किती, कधीपासून, सोडलं असेल तर कधी, हे हवं. परिणाम ठरवणाऱ्याला समोरचा माणूस कोणत्या गटातला हे माहीत नसावं. धूम्रपान करणाऱ्याचा एक्स-रे जरा जास्त बारकाईने बघितला जातो, आणि त्यातून नसलेला फरकही उभा राहतो.

माणसं गळणं हा कोहॉर्टचा कायमचा आजार. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं घेतली, आणि वयाच्या ४५ व्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला हजर होती. त्यांनी परदेशी गेलेल्यांना येण्या-जाण्याचा खर्च दिला. बहुतेकांकडे एवढा पैसा नसतो, पण स्वस्तातलेही उपाय आहेत. नोंदणीच्या दिवशीच सोबत न राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर घ्या. दोन तपासण्यांमधलं अंतर मोठं असेल तर मध्ये एखादा फोन करा, नुसता ख्यालीखुशालीचा. मृत्युनोंदणीशी जुळणी करण्याची संमती पहिल्याच फॉर्मवर घ्या. ती नंतर मागायला जाल तेव्हा माणूस सापडत नाही.

गळती किती यापेक्षा कोण गळलं ते बघा. दोन्ही गटांतून सारखीच आणि आजाराशी संबंध नसलेली गळती फारसं बिघडवत नाही. पण औषधाचा त्रास होऊन लोक निघून गेले असतील, तर उरलेल्यांत औषध निर्धोकच दिसणार. म्हणून गळलेल्यांची सुरुवातीची माहिती, म्हणजे वय, लिंग, संपर्क, टिकलेल्यांशेजारी मांडून तक्ता द्या.

हिशेब: व्यक्ती-वर्षं

समजा पाच जण दहा वर्षांच्या अभ्यासात आहेत. दोघे दहाही वर्षं ठणठणीत राहिले. एकाला चौथ्या वर्षाअखेर आजार झाला. एक जण सात वर्षांनी दुसरीकडे गेला आणि संपर्क तुटला. एकाला दोन वर्षांतच आजार झाला. ‘पाचांत दोन, म्हणजे ४० टक्के’ असं म्हटलं तर सात वर्षांनी गेलेल्याला आपण उरलेली तीन वर्षंही निरोगी धरतो. त्याऐवजी प्रत्येकाने निरोगी असताना किती काळ दिला ते जोडा: १० + १० + ४ + ७ + २ = ३३ व्यक्ती-वर्षं. घटना दोन. दर: २ भागिले ३३, म्हणजे १०० व्यक्ती-वर्षांमागे सुमारे ६. प्रत्येकाचं घड्याळ आजार, मृत्यू, संपर्क तुटणं किंवा अभ्यासाचा शेवट यांपैकी जे आधी येईल तिथे थांबतं.

आता दोन गटांची तुलना. इथे भागाकार आणि वजाबाकी दोन्ही करा, नुसता भागाकार फसवतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा दर धूम्रपान करणाऱ्यांत दर लाखी वर्षाला १४० होता आणि न करणाऱ्यांत १०. म्हणजे १४ पट. हृदयविकाराचा दर ६६९ आणि ४१३, म्हणजे १.६ पट. पहिला आकडा भयंकर, दुसरा किरकोळ वाटतो. वजाबाकी करा: कर्करोगाचे जादा मृत्यू १३०, हृदयविकाराचे २५६. सिगारेटने हृदयामार्गे जवळजवळ दुप्पट माणसं मारली. कारण काय, हे शोधायचं तर पटीकडे बघा. किती माणसं वाचतील हे सांगायचं तर फरकाकडे. ‘धोका दुप्पट’ अशी बातमी वाचली की मी आधी मूळ धोका किती होता ते शोधते. तो दिलेला नसेल तर बातमी तिथेच सोडून देते.

व्हिकमचं कोडं

पाहणीच्या वेळी कधीच न ओढलेल्या ७३२ जणींपैकी १९३ जणी पासष्टीच्या पुढच्या होत्या, २६ टक्के. ओढणाऱ्या ५८२ जणींत अशा फक्त ४९, म्हणजे ८ टक्के. एक गट म्हातारा, दुसरा तरुण. वीस वर्षांत कोणत्या गटात जास्त मृत्यू होणार हे सांगायला संशोधक कशाला हवा?

वयाचे तुकडे पाडले की चित्र फिरतं. ५५ ते ६४ वयात ओढणाऱ्या ११५ जणींपैकी ५१ वारल्या (४४ टक्के), न ओढणाऱ्या १२१ पैकी ४० (३३ टक्के). ३५ ते ४४ वयात १०९ पैकी १४ आणि १२१ पैकी ७, म्हणजे १३ आणि ६ टक्के. २५ ते ३४ या गटात मात्र न ओढणाऱ्यांत मृत्यू किंचित जास्त आहेत, १५७ पैकी ५ आणि १२४ पैकी ३. इतक्या थोड्या घटनांवरून काही ठरवू नये. पंचाहत्तरीपुढच्या दोन्हीकडच्या सगळ्याच वारल्या.

हे तुकडे पुन्हा जोडण्याची रीत कागद-पेन्सिलीने जमते. सगळ्या १,३१४ जणींची वयवार संख्या घ्या. प्रत्येक वयोगटाला आधी ओढणाऱ्यांचा मृत्युदर लावा आणि येणारे मृत्यू जोडा: सुमारे ३९८, म्हणजे ३० टक्के. मग त्याच संख्येला न ओढणाऱ्यांचे दर लावा: सुमारे ३४०, म्हणजे २६ टक्के. २४ विरुद्ध ३१ होतं ते ३० विरुद्ध २६ झालं. सिगारेट पुन्हा आपल्या जागी, आरोपीच्या पिंजऱ्यात.

वय इथे कन्फाउंडर होतं: ते संपर्काशीही जोडलेलं आणि परिणामाशीही. प्रत्येक अभ्यासात असे घटक आधी कागदावर काढा, बाण काढून कोण कोणावर परिणाम करतं ते मांडा. नवशिके एक गंमत हमखास करतात, मिळेल तो घटक मॉडेलमध्ये (अनेक घटकांचा एकत्र हिशेब करणाऱ्या गणिती सूत्रात) टाकतात. मीठ जास्त खाल्ल्याने पक्षाघात होतो का हे बघताना रक्तदाब टाकला, तर मीठ ज्या वाटेने घात करतं तीच वाट तुम्ही बंद केली. कारण आणि परिणाम यांच्या मधल्या कडीला हात लावू नका.

मॉडेल, थोडक्यात

घटना कधी घडली हे महत्त्वाचं असेल तर १९५८ ची कॅप्लन-मायर पद्धत वापरून जगण्याचा आलेख काढा. अनेक घटक एकदम सांभाळायचे तर १९७२ चं कॉक्स मॉडेल. त्यातून मिळणारा हॅझर्ड रेशो म्हणजे दोन गटांतल्या घटनांच्या वेगाचं गुणोत्तर. तो सगळ्या काळात सारखाच राहतो असं मॉडेल धरून चालतं. आलेखात रेषा एकमेकींना छेदत असतील तर एकच आकडा देऊन मोकळं होऊ नका, काळाचे तुकडे करून वेगवेगळे द्या. वयस्कर लोकांत दुसऱ्याच कारणाने मृत्यू होऊन आजाराची संधीच जाते. तिथे साधा कॅप्लन-मायर धोका फुगवून दाखवतो, म्हणून स्पर्धी धोक्यांची पद्धत घ्या.

स्वतःच्या निकालावर हल्ला चढवा

निकाल हातात आला की तो मोडतो का ते बघा. पहिला संशय उलट्या कारणाचा. वजन कमी असलेले लवकर मरतात असं दिसलं, तर कदाचित लपलेल्या आजारानेच वजन उतरलेलं असेल. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतल्या घटना वगळून हिशेब पुन्हा करा. संबंध विरघळला तर त्याचा अर्थ उघड आहे.

दुसरा संशय: संपर्काचा ज्याच्याशी संबंध असूच शकत नाही असा परिणाम निवडा, उदाहरणार्थ फ्लूच्या लशीबाबत अपघाती मृत्यू. तिथेही लस घेणारे सुरक्षित दिसले, तर हा गुण लशीचा नाही, काळजीने वागणाऱ्या माणसांचा आहे.

हा दुसरा संशय किती महाग पडू शकतो ते रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांनी दाखवलं. १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिका घेऊन सुरू झालेल्या नर्सेस हेल्थ स्टडीसह अनेक कोहॉर्टमध्ये हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. मग १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली. २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी होण्याऐवजी हॅझर्ड रेशो १.२९ निघाला. हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या होत्या, हे अर्धं उत्तर. उरलेलं पुन्हा घड्याळाचं. कोहॉर्टमध्ये ‘सध्या घेणाऱ्या’ मोजल्या होत्या, म्हणजे बऱ्याच जणी वर्षानुवर्षं औषध पचवून टिकलेल्या. सुरुवातीच्या काळात ज्यांना त्रास झाला त्या मोजणीत आल्याच नाहीत. २००८ मध्ये परिचारिकांचीच माहिती नव्याने तपासली गेली, या वेळी प्रत्येकीने औषध सुरू केलं त्या दिवसापासून, जणू ती चाचणीत दाखल झाली आहे असं धरून. निकाल चाचणीच्या बऱ्याच जवळ आला. माहिती तीच होती, शून्य दिवस बदलला.

म्हणून औषधांच्या अभ्यासात मी आता एकच सवय ठेवते. आधी एका पानावर काल्पनिक चाचणी लिहून काढते: कोणाला घेतलं असतं, कोणत्या दिवशी चिठ्ठी टाकली असती, दोन गटांना काय काय दिलं असतं, किती काळ बघितलं असतं. मग नोंदींमधून तीच चाचणी शोधते. चिठ्ठीचा दिवस नोंदींत सापडत नसेल तर त्या नोंदींवर तो प्रश्न विचारत नाही.

लिहिताना

असे अभ्यास लिहिताना काय काय सांगावं याची २००७ ची स्ट्रोब मार्गदर्शिका आहे. तिच्यात २२ मुद्दे आहेत, ते समोर ठेवा. किती लोक पात्र होते, किती आले, किती गळले याची आकृती पहिल्या पानांत द्या. भागाकार आणि वजाबाकी शेजारी-शेजारी छापा, दोन्हींच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादांसह (खरा आकडा साधारण कुठून कुठवर असू शकतो ते सांगणाऱ्या). आणि पद्धतीच्या भागात एक वाक्य ठळक लिहा: ‘मोजणी अमुक दिवसापासून सुरू केली, कारण…’ परीक्षक म्हणून माझ्याकडे पेपर आला तर मी सारांशही नंतर वाचते, आधी हे वाक्य शोधते.